यू 52, 1/72: पन्हळी न घासता जोड बुजवणं

युंकर्स यू 52 या जुन्या जर्मन तीन इंजिनांच्या विमानाचं 1/72 प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल जोडणं चालू आहे. धडाचे दोन्ही अर्धे चिकटले, मधला पंख बसला, आणि आता या किटचं खरं दुखणं समोर आलंय. यू 52 च्या अंगभर पन्हळी पत्रा आहे. सपाट पत्र्याच्या विमानावर जोड घासून पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्याची रेघ) पुन्हा कोरता येते. इथे सँडपेपर दोनदा फिरला की पन्हळीच गेल्या.

मॉडेल लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीच्या 'डी-एक्यूयूआय' या नोंदणीच्या विमानाचं आहे, आणि तेही शेवटच्या काळातलं. 1936 चं हे विमान नॉर्वे, इक्वेडोर, अमेरिका असं फिरून 1984 मध्ये कंपनीकडे परत आलं आणि 1986 पासून 2018 पर्यंत हौशी प्रवाशांना घेऊन उडालं. 2019 च्या सुरुवातीला कंपनीने खर्च थांबवला. मग पंख उतरवून ते रस्त्याने हलवलं. पंख सहज उतरतात, कारण युंकर्सच्या पंखात नळ्यांच्या तुळया असतात आणि त्या मोठ्या आट्यांच्या नटांनी मधल्या भागाला जोडलेल्या असतात.

धडाची पाठ त्यातल्या त्यात सोपी. पन्हळी नाकापासून शेपटीकडे जातात, म्हणजे जोडाला समांतर. मेणबत्तीवर ताणलेला स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचा) धागा जोडात बसवायचा आणि बारीक ब्रशने पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा डिंक, सोडायचं; दुसऱ्या दिवशी तो नवीन कंगोराच वाटतो. धागा शेजारच्या कंगोऱ्याएवढाच जाड हवा. जाड झाला तर चांदीच्या रंगात लांबूनही डोळ्यांत खुपतो.

पंखाचं तसं नाही. तिथे पन्हळी पुढून मागे जातात आणि पुढच्या कडेचा जोड त्यांना आडवा कापतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना टेप, मधे पुट्टी, आणि पुट्टी ओली असतानाच थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक पन्हळीच्या दिशेने पुसायचं. थिनर आधी स्प्रूवर तपासा. प्लास्टिक विरघळलं तर कंगोरे सपाट होतात. पायरी उरलीच तर तिकोनी सुईकानस, एका वेळी एक खाच. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

पन्हळी का, याचं उत्तर पत्र्याच्या जाडीत आहे. युंकर्सच्या 1915 च्या जे 1 या विमानाला सपाट पोलादी पत्रा होता आणि ते जड झालं. ड्युरालुमिनचा (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पातळ पत्रा वापरायचा तर तो वाकू नये म्हणून पन्हळी आल्या. हवा पन्हळीच्या दिशेनेच जाईल असा हिशेब होता; प्रत्यक्षात ती तिरकीही वाहते, शिवाय हवेला घासणारं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून विमानाला हवेचा अडथळा जास्त होतो.

बाजूची इंजिनं सरळ पुढे बघत नाहीत, किंचित बाहेर वळलेली आहेत. किट चुकलंय समजून ती 'सरळ' करू नका. एक बंद पडलं तर दुसऱ्याच्या ओढीची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळून जाते आणि विमान कमी वळतं. पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्हीकडचा कोन सारखा ठेवा. या विमानावर मूळच्या बीएमडब्ल्यू 132 ऐवजी अमेरिकन वास्प इंजिनं आणि तीन पात्यांचे पंखे आहेत, त्यामुळे किटमधले दोन पात्यांचे पंखे चालणार नाहीत. मधल्या इंजिनाला अरुंद कडं, बाजूच्यांना पूर्ण काउलिंग (इंजिनाभोवतीचं झाकण). शेपटीवर टेकणारं विमान, म्हणून नाकात वजन भरायला नको.

रंग: चकचकीत काळा बेस, एक दिवसाने लॅकरचा अॅल्युमिनियम, 1 बारच्या आसपास, अगदी पातळ थर. ओला थर खाचेत साचतो आणि पन्हळी उथळ दिसतात. पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतं, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट बघावी.

पंखावरच्या मोठ्या अक्षरांसाठी डेकलपेक्षा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रापेक्षा) मास्क, म्हणजे टेपचा अक्षरसाचा, बरा. टेपच्या कडेवर आधी अॅल्युमिनियमच फवारायचा. खाचेतून झिरपेल तो तोच रंग, वरचा काळा मग आत शिरत नाही. डेकलच लावायचं असेल तर सॉफ्टनरचे (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचे) तीन हात, मधे बुडबुड्यांना सुईने भोक, आणि ओला ब्रश खाचेच्या दिशेनेच. आडवा दाबलात की अक्षर फाटतं.

बाजूच्या खिडक्यांचं मास्किंग अजून बाकी आहे.