किलितबहिरसमोर चार मिनिटं

तुर्कस्तानातल्या दार्दनेल्स सामुद्रधुनीतून ती माझी बारावी खेप. आधीच्या अकरा एकमेकींत मिसळल्यात, ही एक मिसळत नाही.

रिकामं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, रुमानियातल्या कॉन्स्टँझा बंदरात गहू भरायला चाललेलं. मी सेकंड मेट, बारा ते चारची वॉच. १९३६ च्या मॉन्त्रो करारामुळे इथून नुसतं पार जाणाऱ्या व्यापारी जहाजाला पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, सक्तीचा नाही, आणि ऑफिसात बसलेल्यांना तेवढीच बचत दिसते. आमच्या कॅप्टनसाहेबांनी हट्टाने घेतला.

उजवीकडे एरेनकॉयचा उपसागर आला. पायलट म्हणाला, "बुवे इथेच गेली." १८ मार्च १९१५. पहिलं महायुद्ध. दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका तोफा डागून परतताना याच उपसागरात वळत. तुर्कांनी ती सवय हेरली आणि सुरुंग पेरणाऱ्या ‘नुसरत’ जहाजाने दहा रात्री आधी किनाऱ्याला समांतर २६ सुरुंग सोडून ठेवले. फ्रेंचांची युद्धनौका बुवे काही मिनिटांत सहाशेहून जास्त माणसं घेऊन बुडाली, दोन ब्रिटिश नौकाही गेल्या. समुद्रावरून दार उघडेना, म्हणून २५ एप्रिलला डावीकडच्या या गॅलिपोली द्वीपकल्पावर फौजा उतरवल्या.

"आपली माणसं पण होती, साहेब?" सुकाणूवरच्या दापोलीच्या काकांनी विचारलं.

"होती. शीख, गुरखे, खेचरं हाकणारे."

पुढे किलितबहिर. नावाचा अर्थच समुद्राचं कुलूप; सुलतान मेहमदचा तीन पाकळ्यांचा किल्ला. समोर चनाक्कले गाव, मध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर पाणी. इथे जहाज डावीकडे वळवायचं असतं, आणि मार्मारा समुद्राकडून येणारा प्रवाह नेमका डाव्या गालावर आपटून नाक उजवीकडे, गावाकडे ढकलतो. त्यात रिकामं जहाज म्हणजे वाऱ्याला नुसती भिंत.

वळण सुरू झालं आणि इंजिनाचा अलार्म वाजला. इंधनाचा दाब घसरला, इंजिन आपोआप स्लो डाऊनला गेलं. जहाजाच्या पाण्यातल्या पंख्याचा झोत मंदावला की सुकाणूला पकड राहत नाही.

"हार्ड अ पोर्ट," पायलट म्हणाला. पूर्ण डावीकडे.

काकांनी चाक पूर्ण फिरवलं. सुकाणूचा काटा ३५ अंशांवर, नाक मात्र जागचं हलेना. समोर फेरी आडवी येत होती. पायलटने रेडिओवर तुर्कीत चार शब्द टाकले आणि फेरी थांबली. कॅप्टनसाहेब फोनवर चीफ इंजिनियरवर ओरडत होते. मी रडारवरचं अंतर वाचत होतो, आवाज माझा वाटत नव्हता. मग कंपासचा आकडा एकेक अंशाने उतरू लागला.

"वळतंय, साहेब," काका म्हणाले.

इंधनाचा फिल्टर तुंबला होता. सामुद्रधुनीत शिरण्याआधीच्या चेकलिस्टवर ‘फिल्टर तपासले’ हा रकाना आहे. मी इंजिनरूमला फोन केला, "हो हो" ऐकलं, टिक केली. अकरा वेळा तसंच केलं होतं.

लॉगबुकात लिहिलं: ‘इंजिनाचा वेग कमी, ४ मिनिटे.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसची मेल आली, पायलटचं बिल इतकं का.