शॅडोइंगसाठी डॉक्टर मिळता मिळेना (माझा अनुभव)

आठवी झाल्यावर आईबाबांबरोबर न्यू जर्सीत आले, आता इथेच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्री-मेड. इथे बारावीनंतर सहसा डायरेक्ट मेडिकल नसतं, आधी 4 वर्षं कॉलेज, मग एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), अर्ज, इंटरव्ह्यू आणि घेतलंच कोणी तर पुढची 4 वर्षं मेडिकल स्कूल. अर्जात मार्कांबरोबर तुम्ही डॉक्टरांचं काम जवळून पाहिलंय का हेही बघतात, म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या मागे मागे फिरून, काही न करता, नुसतं बघायचं, सावलीसारखं, म्हणून त्याला शॅडोइंग म्हणतात. माझा आतेभाऊ तिकडे एमबीबीएसला आहे, त्याला सांगितलं तर म्हणे, आम्ही नीट दिली आणि सुटलो, तुम्ही काय डॉक्टरवर छत्री धरून सावली देता का? हसले मी, पण आमच्या घरात एकही डॉक्टर नाही, बाबा आयटीत, त्यामुळे सुरुवात कुठून करायची याचाच पत्ता नव्हता.

पहिला महिना ईमेल पाठवण्यात घालवला. मोजून 37. तीन तीन पॅरेग्राफ, लहानपणापासून डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं वगैरे, आता वाचलं की स्वतःलाच लाज वाटते. उत्तरं आली 4, त्यातले 3 नकार आणि एक ऑटो-रिप्लाय की डॉक्टर सुट्टीवर आहेत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या व्हॉलंटियर ऑफिसला फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्यांनी तिसरा आणि तिसऱ्यांनी परत पहिलाच दिला, तेव्हा मी फोन ठेवून दिला. कॉलेजच्या ॲडव्हायजरनी 'तुमच्या ओळखीत विचारा' असं सांगितलं. ओळखी असत्या तर तुमच्याकडे कशाला आले असते, हे मनातच म्हटलं.

मग गणपतीत महाराष्ट्र मंडळात आईने एका काकांना गाठलं, ते भूलतज्ज्ञ. काका बिचारे लगेच हो म्हणाले, पण त्यांच्या हॉस्पिटलने ऑपरेशन थिएटरमध्ये विद्यार्थी आणायला परवानगीच दिली नाही. तेव्हा कळलं की मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरने हो म्हणून भागत नाही, वर कंप्लायन्स नावाचं, नियम पाळले जातात का ते बघणारं एक खातं बसलेलं असतं. पेशंटच्या गोपनीयतेचा 1996 चा कायदा आहे, हिपा म्हणतात, त्याला सगळे टरकून असतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा, आपल्या तपासणीच्या वेळी खोलीत कोणीतरी उपटसुंभ उभा असला तर आपल्याला तरी आवडेल का.

काकांनी एक गोष्ट मात्र फार कामाची सांगितली. स्वतःचं छोटं क्लिनिक असलेले डॉक्टर शोध, तिथे निर्णय तिथल्या तिथे होतो, आणि डॉक्टरच्या आधी फ्रंट डेस्कवरच्या बाईंशी बोल. सोमवारी सकाळी जाऊ नको, तेव्हा त्यांच्याकडे फोनचा पाऊस असतो. म्हणून मी मंगळवारी दुपारी जेवणाच्या वेळेनंतर जायला लागले, हातात एक पानी रेझ्युमे, आणि तोंडात दोनच वाक्यं: मी अमुक कॉलेजला प्री-मेड आहे, मंगळवारच्या दुपारी रिकामी असते, 5-6 आठवडे डॉक्टरांचं काम बघायला मिळेल का, लशींचे कागद तयार आहेत. (नव्हते. ते पुढे येतंच.) दोन ठिकाणाहून हात हलवत परत आले. तिसऱ्या ठिकाणी ऑफिस मॅनेजर बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तू उभी राहू शकतेस का चार तास, गप्प? म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, डॉक्टर हो म्हणतायत.

डॉक्टर फॅमिली मेडिसिनचे होते आणि डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, एमडीसारखीच इथली डॉक्टरकीची दुसरी पदवी) होते. मंडळात कळल्यावर एक काकू लगेच, डीओ? एमडी नाही मिळाला? अहो काकू, अमेरिकेत डीओ पण पूर्ण डॉक्टरच असतो, औषधं लिहितो, सर्जरी करतो, आणि बऱ्याच डीओ कॉलेजांना अर्जाबरोबर डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र असलं तर बरं वाटतं, काही तर मागतातच. मला तर नकळत लॉटरीच लागली होती.

मला वाटलं झालं, आता मंगळवारपासून जायचं. कसलं काय. ऑफिस मॅनेजरनी यादी पाठवली, हिपाचं ऑनलाइन ट्रेनिंग, फ्लू शॉट, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) 2 डोस, कांजिण्या, हेपटायटिस बी, टीबीची टेस्ट. आईने कपाटातून माझं बाळपणीचं लसीकरणाचं कार्ड काढलं, हाताने लिहिलेलं, एका कोपऱ्यात वरणाचा डाग, त्यावर गोवराची लस नवव्या महिन्यातली. इथे पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलाच डोस धरतात, त्यामुळे ती बाद. कांजिण्या मला सातव्या वर्षी चांगल्या अंगभर येऊन गेल्या होत्या, पण त्याला पुरावा काय? शेवटी रक्तातल्या अँटिबॉडीज बघायची टायटर टेस्ट केली, तेव्हा दोन्ही सुटलं.

टीबीने खरा घाम काढला. हाताच्या कातडीतच थेंबभर औषध टोचतात आणि 48 ते 72 तासांत परत जाऊन दाखवायचं. माझा हात टम्म. नर्सने लालपणाकडे बघितलंच नाही, बोटाने कडक भाग कुठवर आहे ते चाचपलं, पेनाने दोन खुणा केल्या आणि पट्टी लावली, 12 मिलिमीटर. पॉझिटिव्ह. आई तर रडायच्याच बेतात. मी दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला, आपल्याकडे जन्मल्यावर टोचतात ना ती टीबीची लस, तिच्यामुळे ही स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची एक टेस्ट असते, क्वांटिफेरॉन नावाची, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली. ज्यांनी भारतात बीसीजी घेतलीय त्यांनी सरळ रक्ताचीच टेस्ट मागून घ्या, माझे या भानगडीत तीन आठवडे गेले, म्हणजे डॉक्टर शोधून झाल्यावर वर आणखी तीन आठवडे.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर कोपऱ्यात उभं राहायचं. प्रत्येक खोलीत शिरायच्या आधी डॉक्टर विचारायचे, एक विद्यार्थिनी बरोबर आहे, चालेल ना? एकदा एका बाईंनी नाही म्हटलं, मी बाहेर पॅसेजमध्ये वजनकाट्यापाशी थांबले, त्यात काही नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही.

एक आजोबा होते, डायबेटिसचे. डॉक्टरांनी त्यांना बूटमोजे काढून झोपायला लावलं, डोळे मिटायला सांगितले आणि फिशिंगच्या दोऱ्यासारखा एक जाड नायलॉनचा तंतू घेतला, तो तळव्याला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, 10 ग्रॅमचा दाब पडतो म्हणे, लागला की पेशंटने 'हो' म्हणायचं. अंगठा, बोटाखालची उशी, मग बाजूला. खोलीत काही आवाज नाही. सहा-सात जागा झाल्या आणि आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, डॉक, चालू करा की, मी तयार आहे.

डॉक्टर दोन सेकंद काही बोलले नाहीत. मग स्टूल पुढे ओढलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का ते एक एक करून बघायला लागले, आणि बघता बघता सांगत होते की रोज रात्री आरशात तळवे बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा. आजोबा हो हो करत होते. मी तोवर एमकॅटसाठी नर्व्हचे सगळे डायग्राम पाठ केलेले होते.

सहा मंगळवार झाले, 24 तास. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःहून त्यांच्या ओळखीच्या एका सर्जनना मेसेज टाकला, तिथे दोन दिवस मिळाले. रोज घरी आल्यावर वहीत तारीख, तास आणि काय पाहिलं ते लिहायचे, पेशंटचं नाव नाही, वय पण नाही. ती वही आता उपयोगी पडतेय, कारण ॲमकॅसच्या (एमडी कॉलेजांसाठीच्या सामायिक ऑनलाइन) अर्जात एका ॲक्टिव्हिटीला 700 कॅरेक्टर मिळतात, स्पेस धरून. माझा पहिला ड्राफ्ट 1900 चा झाला होता. सर्जन, टीबी, 37 ईमेल, सगळं उडवलं, आजोबांचा पाय तेवढा ठेवला, तरी अजून 40 जास्तच आहेत.