देवगडच्या सड्यावर जोडताऱ्यांची रात्र

आम्ही मुद्दाम चैत्र शुद्ध अष्टमी धरली. तारे बघायला अमावास्याच हवी, हे तेजोमेघांपुरतं, म्हणजे अंतराळातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगांपुरतं, खरं. जोडताऱ्यांना, म्हणजे नुसत्या डोळ्यांना एक पण दुर्बिणीत दोन दिसणाऱ्या ताऱ्यांना, चांदणं फारसं बाधत नाही. त्यांना लागते थिरावलेली हवा.

सात जण, दोन दुर्बिणी: ११४ मिमीची आरशाची आणि ८० मिमीची भिंगाची. यादी नऊ जोड्यांची. नियम एकच होता. आयपीसला डोळा लावायचा, वहीतल्या गोलात जोडीदार कुठे दिसतो ते टिपायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत गप्प राहायचं. पाच चित्रं जुळली तरच जोडी गटाच्या खात्यात. एकाने आधी "दिसले!" म्हटलं की बाकीच्यांनाही दिसल्यासारखं वाटतं, म्हणून ही अट.

कणकवलीहून देवगडकडे एसटीने गेलो आणि धक्क्यांनी आरसा हलला. ताऱ्याला शेपटी फुटलेली! तो जागेवर आणण्यात पाऊण तास गेला. स्क्रू-ड्रायव्हर हाताशी ठेवा आणि उजेडातच पोहोचा. सड्याचा, म्हणजे उघड्या पठाराचा, जांभा दगड दिवसभर तापलेला असतो, त्यामुळे दहापर्यंत तारे उकळल्यासारखे थरथरत होते. मृगातल्या रायजेल ताऱ्याचा मंद सोबती त्यात एकालाही सापडला नाही. तोवर मोकळ्या, म्हणजे जास्त अंतराच्या, जोड्या घ्या: वसिष्ठ १४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), कोर कॅरोली हा तारा १९. अरुंधती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण वसिष्ठ स्वतःच दोन आहे हे ३६ पट वर्धनातही स्पष्ट होतं.

पहिल्याच जोडीला चित्रं जुळेनात. चूक डोळ्यांची नव्हती. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी, तर भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला की डावं-उजवं बदलतं. मग आम्ही दुर्बीण न हलवता तारा सरकू दिला. तो ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. प्रत्येक गोलावर तो बाण काढायचा, दुर्बिणीचं नाव लिहायचं आणि एकाच दुर्बिणीतली चित्रं एकमेकांशी ताडायची. एवढं केल्यावर भांडणच मिटलं.

हापूसचा हंगाम. साडेदहाला बागेचा राखणदार बॅटरी मारत आला, "काय करतास हय?" त्याला आधी न सांगणं ही आमची मोठी चूक, जागामालक आणि राखणदार दोघांनाही सांगून ठेवा. त्या झोतानंतर डोळे सावरायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात कॅस्टर लावला, ९० पट. पुनर्वसूतला हा तारा, चंद्र त्याच भागात, तरी दोन पांढरे ठिपके आणि मधे काळी रेघ. राखणदार वाकला आणि बराच वेळ सरळ झालाच नाही. "दोन आसत!"

मध्यरात्रीनंतर वारा पडला. कन्येतल्या पोरिमा जोडीचे दोन सारखेच पिवळसर तारे, साडेतीन आर्कसेकंदांवर, १८० पटीत सुटे दिसले. २००५ मध्ये ते इतके जवळ आले होते की आमच्या दुर्बिणीत ते वेगळे दिसलेच नसते.

दोनच्या सुमारास मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, दक्षिणेला जेमतेम बारा अंश वर होता. सड्याला डोंगर आड येत नाही म्हणून तर इथे यायचं. याचं जोडपण १६८९ मध्ये पाँडिचेरीहून जाँ रिशो या जेसुइट पाद्र्याने टिपलं. क्षितिजावरच्या हवेत दोन्ही ठिपके थरथरत होते, तरी पाच वह्यांत बाण आणि जोडीदार जुळले.

रायजेल राहिला. तो डिसेंबरात, उंच आल्यावर घेऊ.