विषुवदिनाची नेमकी वेळ काढता काढता माझी झालेली फजिती

पोरगी सातवीत आहे, शाळेत विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) 21 मार्च शिकवला आणि घरच्या कॅलेंडरवर 20 मार्च, मग "पप्पा, खरं कोणतं?" सुरू झालं.

आधी देशी उपाय केला. जळगावला गच्चीवर मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी केली. आपला अक्षांश साधारण 21 अंश, म्हणजे विषुवदिनाला माध्यान्हीची सावली 38 सेंमीच्या जवळ यायला पाहिजे (आणि माध्यान्ह 12 ला नाही बरं का, मार्चमध्ये आपल्याकडे 12:35 च्या आसपास असते). आई खालून ओरडतेय, "उन्हात काय करी राहिना रे?" सावली तर बरोबर आली, पण सूर्य विषुववृत्त नेमका ओलांडतो ती वेळ कशी काढणार? त्या दिवसांत सूर्य तासाला जेमतेम एक कला (अंशाचा साठावा भाग) उत्तरेला सरकतो, तेवढ्यात सावली मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याने बदलते आणि सावलीची कडच त्याहून जास्त पुसट.

मग एक्सेल उघडलं. बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ जाँ मेयस यांचं सूत्र आहे, वर्ष टाकलं की ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) मिळतो. 2025 साठी आलं 2460754.86922, मी खूश, दशांशाला 24 ने गुणलं, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले, उत्तर रात्री 2:21! दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं की ज्युलियन दिवस मध्यरात्री नाही, दुपारी 12 ला सुरू होतो. 12 तास सरकवले, दुपारी 2:21 झालं. तरी जाहीर वेळेपेक्षा दहा मिनिटं कमीच, कारण ही नुसती सरासरी वेळ, चंद्र आणि ग्रह पृथ्वीला थोडं इकडेतिकडे ओढतात त्याची 24 पदं वेगळी मिळवावी लागतात. ती टाकली तर उत्तर आणखीनच भलतं! एक्सेलचा कोसाइन रेडियनमध्ये चालतो आणि मी बिनधास्त अंश दिले होते, एवढी वर्षं कॅल्क्युलेटर वापरून ही चूक करावी म्हणजे कमाल आहे. दुरुस्त केल्यावर 11 मिनिटं वाढली, मग पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं अगदी एकसारखं नसतं, त्या फरकाचे साधारण 69 सेकंद वजा केले आणि आलं एकदाचं, 20 मार्च, दुपारी 2:31.

पोरीने लगेच 2026 टाकलं तर 20 मार्च, रात्री 8:16, 2027 टाकलं तर 21 मार्च, पहाटे दोनच्या सुमारास. म्हणे, मग शाळेचं पण बरोबर अन् कॅलेंडरचं पण.