दोनचा गजर

मंगळवार, रात्री पावणेबारा

अण्णांना आत्ताच कुशीवर वळवलं. पुढचा गजर दोनचा. पाठीला जखम होऊ द्यायची नाही, एवढाच सध्या या घराचा कार्यक्रम. उजवी बाजू जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

सकाळी आत्या आली होती. "जोतीराव फुल्यांनी डाव्या हातानं अख्खं पुस्तक लिहिलं रे दादा, तू निदान सही तरी शीक!" अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आत्याचं मन चांगलं आहे, जीभ घाईची.

मला मात्र तेव्हापासून सावित्रीबाईच दिसतायत. ११ मे १८८८ला मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली. आणि जुलैत अर्धांगवायू, उजवं अंग गेलं. ते एकसष्ट वर्षांचे, या सत्तावन्नच्या. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करत होते. पण डॉक्टर येतो नि जातो. उरलेला दिवस कोणाचा? आणि रात्र? आमच्याकडे हवेची गादी आहे, डायपर आहेत, दुपारी चार तास मावशी येतात, तरी आईचे नि माझे डोळे तारवटलेत. गंज पेठेतल्या त्या घरात हे सव्वादोन वर्षं चाललं. त्यात पैसाही आटला; त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहिलं, ते १८९०मध्ये.

२८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढे टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी दत्तक यशवंताला अडवलं, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं. पुढे १८९७च्या प्लेगात त्यांनी रोगी सांभाळले आणि त्याच साथीत गेल्या. या दोन्ही गोष्टी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतात, कारण त्या चारचौघांत घडल्या. आतल्या खोलीतल्या सव्वादोन वर्षांवर कोणी भाषण करत नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' जोतीरावांच्या पश्चात, १८९१मध्ये छापून आलं, तेव्हाही कौतुक डाव्या हाताचंच.

जेवणानंतर अण्णांनी खुणेनं पेन्सिल मागितली. आत्या गेल्यावर, अर्थात! औषधाच्या बिलामागे लिहायला लागले. पहिलं अक्षर निम्मं झालं आणि कागदच सरकला. पुन्हा लिहिलं, पुन्हा सरकला. डाव्या हातात पेन्सिल, मग कागद दाबायला हात कुठला? मी दोन बोटांनी कोपरा धरून बसले. वीस मिनिटांत 'अ' झाला.