घाव घातलेलं घुबड

अथेन्सचं घुबडवालं चांदीचं नाणं घ्यायचं मनात असेल तर माझं ऐका, छिन्नीचा घाव असलेलं घ्या. असं म्हटलं की कलेक्टर मंडळी तोंड वाकडं करतात, कारण लिलावात घाव म्हणजे डॅमेज आणि किंमत धाडकन खाली. मला तेच बरं, एक तर खिशाला झेपतं आणि शिवाय त्या घावातच अर्धी गोष्ट आहे.

हे नाणं म्हणजे इ.स.पू. ५व्या शतकातलं टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राक्मांचं (ड्राक्म हे ग्रीकांचं चांदीचं चलन), वजन साधारण १७.२ ग्रॅम, जाडजूड. एकीकडे शहराची देवी अथेना, दुसरीकडे घुबड, सोबत ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. (आपल्याकडे घुबड दिसलं की हुसकावतात, तिकडे ते देवीचं लाडकं, आजच्या ग्रीसच्या १ युरोच्या नाण्यावरही तेच बसलंय.) अथेनाचा चेहरा बाजूने आहे पण डोळा मात्र समोरून काढल्यासारखा. ही जुनाट स्टाइल तेव्हाही मागे पडली होती, पण परदेशात लोक ह्याच चेहऱ्यावर विश्वास ठेवून माल देत होते, मग बदलायचं कशाला!

चांदी यायची अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या खाणींतून, खणायचे गुलाम. इ.स.पू. ४८३ च्या आसपास तिथे मोठं घबाड लागलं, लोक म्हणाले वाटून घेऊ, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस म्हणाला जहाजं बांधू, बांधली, आणि ४८० मध्ये सलामिसला पर्शियाचं आरमार बुडवलं ते त्या जहाजांच्या जोरावर. पुढे ४१३ मध्ये शत्रू स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा वीस हजारांवर गुलाम पळाले, चांदी आटली, आणि शेवटी अथेन्सवर तांब्याला चांदीचा मुलामा देऊन नाणी पाडायची वेळ आली. खोटी पाडणारे तर आधीपासून होतेच.

म्हणून घाव. इजिप्त, सिरिया भागात चांदी तशीही वजनावर चालायची, तिथला व्यापारी सरळ छिन्नी लावून आत बघायचा, कधी अथेनाच्या गालावर तर कधी घुबडावर. खुद्द अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ च्या सुमारास ह्यासाठी कायदाच झाला, त्याचा शिलालेख १९७० मध्ये तिथल्या अगोरात म्हणजे जुन्या बाजारचौकात सापडला. त्यात एक सरकारी पारखी आहे, तो स्वतः गुलाम. बाजारात बसून नाणी तपासायची, आत तांबं किंवा शिसं निघालं तर तिथल्या तिथे कापायचं आणि देवांच्या आईला अर्पण करून टाकायचं. त्याने चांगलं ठरवलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्या दिवसाचा सगळा माल जप्त! आणि पारखी जागेवर बसला नाही तर पाठीवर ५० फटके. म्हणजे अख्ख्या शहराची पत सांभाळायची गुलामाने आणि फटकेही त्यानेच खायचे, मला हे वाचून नाण्यापेक्षा त्या माणसाबद्दलच जास्त जाणून घ्यावंसं वाटलं.

घेताना एवढंच बघा, घावाच्या आतली चांदी बाकीच्या नाण्याइतकीच जुनी दिसायला हवी, आत चकचकीत असेल तर घाव परवाचा आहे. कडेला साच्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ठेवून द्या, ही नाणी ठोकून पाडलेली असतात, ओतून नाही. आणि आधीच्या मालकांचे कागद नसतील तर कितीही देखणं असलं तरी नको.

आपल्याकडचं बघायचं तर १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान ह्या क्षत्रप राजाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. राजाच्या चेहऱ्याभोवती चक्क ग्रीक अक्षरं, कारण हा घाटच मुळात इंडो-ग्रीक राजांच्या ड्राक्मांवरून आलेला. त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर स्वतःचा छाप मारलाय, बऱ्याच वेळा थेट चेहऱ्यावर. त्यांना कोणी डॅमेज म्हणत नाही, दोन राजे एका नाण्यात म्हणून कौतुकच होतं. मग घुबडाच्या घावालाच नावं का ठेवायची?