राऊटरने खोट्यावर विश्वास ठेवू नये म्हणून

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या छोट्या इंटरनेट सेवेची एक फायबर लाइन पाण्याखाली जाऊन बंद पडली, तेव्हा राऊटरने काही मिनिटांतच सगळी वाहतूक दुसऱ्या लाइनवर वळवली. हे ज्या बीजीपीमुळे, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलमुळे घडले, तो पुराला पुरून उरतो, पण खोट्याला सहज फसतो. शेजारच्या नेटवर्कने ‘हे इंटरनेट पत्ते माझ्याकडे आहेत’ असे सांगितले, की तो ते खरे धरून चालतो.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांच्या /२२ ब्लॉकमधील एका /२४ तुकड्याचा (तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट लहान) मार्ग जाहीर केला. ती घोषणा बाहेर गेली, आणि राऊटर नेहमी अधिक नेमका, म्हणजे लहान गटाचा मार्ग निवडत असल्याने यूट्यूबकडे जाणारी जगभरची वाहतूक सुमारे दोन तास भलत्याच दारी गेली. ती चूक होती. एप्रिल २०१८ मध्ये मात्र ॲमेझॉनच्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या) सेवेचे पत्ते असेच बळकावून लोकांचे क्रिप्टो चलन चोरले गेले.

यावरचा उपाय म्हणजे आरपीकेआय, पत्त्यांवरचा हक्क डिजिटल सहीने सिद्ध करणारी व्यवस्था. आपले पत्ते कोणत्या एएस क्रमांकाने (नेटवर्कच्या ओळख क्रमांकाने) जाहीर करावेत, हे आपण आरओए नावाच्या सहीच्या दाखल्यात नोंदवतो. आमचा ब्लॉकही /२२, म्हणजे १०२४ पत्त्यांचा. दाखला भरताना ‘कमाल लांबी’च्या (तिरप्या रेघेपुढे चालणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या) रकान्यात मी पुढची सोय म्हणून २४ टाकले होते, जाहीर मात्र आम्ही फक्त /२२ करत होतो. याचा अर्थ असा, की कोणी मार्गाच्या शेवटी आमचाच एएस क्रमांक जोडून आमचा एखादा /२४ जाहीर केला असता, तर तो तपासणीत वैध ठरला असता आणि नेमका म्हणून निवडलाही गेला असता. जेवढे जाहीर करता तेवढ्याचाच दाखला द्या, असे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ९३१९ स्पष्ट सांगते. ते वाचले त्याच रात्री मी २४ चे २२ केले.

अर्थात दाखला तपासणारे कोणी नसेल तर तो निरुपयोगी आहे. आमचा राऊटर आता दाखल्याशी न जुळणारे, म्हणजे अवैध मार्ग टाकून देतो, आणि ग्राहकांकडून फक्त त्यांचे नोंदलेले पत्तेच पुढे जातात. संपूर्ण मार्गाची सही तपासणारे बीजीपीसेक २०१७ मध्येच प्रमाणित झाले, पण वाटेतल्या प्रत्येक नेटवर्कने ते वापरल्याशिवाय त्याचा पुरता उपयोग नाही, त्यामुळे त्यावर मी सध्या विसंबत नाही.

आम्हाला जोडणी देणाऱ्या दोन कंपन्यांना मी विचारले, की अवैध मार्ग तुम्ही टाकून देता का? एकीने होकार कळवला. दुसरीचे उत्तर आलेले नाही; तिच्याशी होणाऱ्या पुढच्या करारात ही अट मी लेखी घालणार आहे.